गावाचा विडा

सेक्टरातल्या हॉलात प्रदर्शन लागलं होतं, 'शहर घडवणारी माणसं' नावाचं. सुनेनं हट्टानं नेलं. "चला ना आई, तुमच्या वेळचं सगळं आहे." माझी वेळ म्हणे! मी अजून जेटीवर जाऊन मासळीचा भाव पाडून आणते, आणि माझी वेळ संपली पण?

आत थंडगार एसी, भिंतीवर ओळीनं फोटो. कोणी कारखाने आणलेले, कोणी कॉलेज काढलेलं, कोणी मोर्चे काढून तुरुंगात गेलेला. जवळजवळ प्रत्येकाच्या खाली 'दूरदृष्टी' हा शब्द. मधोमध, सगळ्यांपेक्षा मोठा, साहेबांचा फोटो. तोच जाड काळ्या काड्यांचा चष्मा, तीच मान थोडी वाकडी. शहराचा नकाशा ज्यांनी काढला त्यांच्यातले हे एक मोठे साहेब. सून खालचा मजकूर वाचत होती. मी वाचला नाही.

"तुम्ही ओळखायचात यांना?" तिनं विचारलं.

"आमच्याकडं पान खाऊन गेलेत," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, सासूबाईंची नेहमीची मस्करी. मीही मग पुढच्या फोटोकडं सरकले. काय सांगणार, आणि एसीत उभं राहून?

आमचं सारसोळे तेव्हा नेरूळमधलं एक गाव नव्हतं, नुसतं सारसोळे होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाजण, म्हणजे खारं पाणी अडवून केलेली भातशेती, आणि मध्ये मातीचा बांध. माझा बापूस नाखवा. त्याची स्वतःची होडी होती, शिवाय बांधाच्या आत शेताचा तुकडा. गावकीच्या पाच पंचांपैकी तो एक, आणि पाचांत वयानं सगळ्यात लहान. माझी आयस, म्हणजे आई, गावाची धवलारीण. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलारीण लावते. ती चौक भरते, धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणून एकेका देवाला मांडवात बोलावते, बांधावरच्या देवाला, खाडीतल्या देवाला, मेलेल्या म्हाताऱ्यांना, आणि शेवटी गावातल्या एकेका दाराला. तिनं बोलावलं की सगळे आले असं समजायचं. सारसोळ्यातलं कोणतंही लग्न आयसच्या गळ्यातून गेल्याशिवाय लागायचं नाही.

आणि विडा. हा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावात मोठं काही ठरवायचं असलं, मासेमारी सुरू करायची असो, भांडण मिटवायचं असो की लग्न लावायचं असो, पितळी ताटात एक विडा ठेवायचा आणि ताट मधे. बोलायचं ते बोलून झालं की पंचांपैकी कोणी तरी तो उचलायचा. उचलला की झालं, तो गावाचा शब्द. मग तो नेऊन गावदेवीपुढं ठेवायचा. खायचा नसतो. तोंडात घातला म्हणजे देवीच्या तोंडातला काढला. ताटातला विडा कोणी उचलला नाही तर ती गोष्ट झालीच नाही, मग तुम्ही किती का डोकं आपटा.

साहेब आले तेव्हा मी शाळेत जाण्याच्याही आधीच्या वयाची. जीप रस्ता संपला तिथं राहिली आणि ते बांधावरून चालत आले, बूट हातात घेऊन. हे गावाला फार आवडलं होतं. चावडीवर त्यांनी नकाशा पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून कोणी तरी चार कोपऱ्यांवर जाळ्याची शिशाची वजनं ठेवली. नकाशा पिवळा, हिरवा, निळा असा रंगवलेला. साहेब पुण्याकडचं पुस्तकातलं मराठी बोलायचे, पण हळू, समजेल असं. खाजणाची जमीन सरकारनं घ्यायची आणि तिथं शहर वसवायचं. इथं घरं, इथं बाजार, इथं दवाखाना. मी बापसाच्या मांडीवर होते. साहेबांनी माझ्याकडं बोट केलं.

"नाखवा, तुमच्या या मुलीची शाळा इथे. मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही हिला. चालत जाईल, चालत येईल."

बापूस त्या पिवळ्या ठिपक्याकडं बघत राहिला. मग साहेब म्हणाले, "आता तुमचं म्हणणं सांगा," आणि मांडी घालून बसले.

कोणी बोलेना. आयसनं लावलेला विडा ताटात, ताट मधे, आणि पाच पंच ताटाकडं न बघता इकडंतिकडं बघतायत. चहा येऊन गार झाला. साहेबांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते बिचारे रुमालही काढत नव्हते, उगाच घाई करतोय असं वाटेल म्हणून. बापसाला ते बघवेना. आमच्याकडं पाहुण्याला असं तिष्ठत ठेवणं म्हणजे अंगणातून हाकलण्यासारखंच. तो उठला आणि त्यानं विडा उचलला.

मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं होतं त्याला, का उचललास म्हणून. बांधाचं नाही, शेताचं नाही, माझ्या शाळेचंही नाही बोलला.

"तो मानूस कवापासून बसलावता गो बाय. तोंड सुकलावतं त्याचं. कोनी तरी कायतरी नको कराया?"

एवढंच. एवढ्यासाठी.

त्या दिवशी सगळा गाव बापसाच्या मागून गावदेवीपर्यंत गेला. कोणी आडवा आला नाही, कोणी हात धरला नाही, 'थांब नाखवा' असं एक माणूस बोलला नाही. हे मी आजही ठणकावून सांगते. आणि विडा न उचलता काय होणार होतं? शेजारच्या गावांत ताटच मांडलं नव्हतं, तिथली जमीन राहिली? सरकारनं घ्यायची म्हणजे घेतलीच. मोबदला सगळ्यांनी घेतला, त्यात कौलं बदलली, लग्नं लावली. पण विडा एकट्यानं उचलला होता ना!

मग डंपर आले. मुरूम पडत गेला, आणि बांध कुठं होता ते बघता बघता कळेनासं झालं. भरतीच्या वेळेला बापूस उठून त्या बाजूला चालत जायचा, मोकळ्या सपाट जागेत थोडा वेळ उभा राहायचा आणि परत यायचा. काय बघतोस म्हणून आयसनं कधी विचारलं नाही. तिनं त्याला कशाबद्दलच कधी विचारलं नाही. फक्त एक झालं, त्या दिवसानंतर तिनं पान लावणं सोडलं. पानाचा डबा बापसासमोर सरकवायची, लाव तुझा तू.

इमारती उठल्या. बाहेरची माणसं राहायला आली, दादरची, गिरगावची, कोकणातली, मराठवाड्यातली. आणि शाळा झाली. साहेब बोलले होते तिथंच झाली, मोठा रस्ता खरंच ओलांडावा लागला नाही. नव्या सोसायट्यांतल्या पोरी माझ्या बाकावर बसायच्या नाहीत, मासळीचा वास येतो म्हणून. मी तिकडं लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आणि दहावी झाले. गावातली पहिली दहावी झालेली पोर मी. शेत गेल्यापासून बापूस होडी सांभाळून तुर्भ्याच्या कारखान्यात वॉचमनकीही करायचा, निकालाच्या दिवशी तिथंच ड्युटीवर होता. पेढा घेऊन गेले तर गेटवरच्या सगळ्या ट्रकवाल्यांना थांबवून सांगत सुटला. तसा खूष मी त्याला आधी बघितला नव्हता, नंतरही नाही.

त्याच्या आसपास आंदोलनानं जोर धरला. भाव वाढवून द्या, घराशेजारची जागा द्या, पोरांना नोकऱ्या द्या. रास्त मागण्या, कोण नाही म्हणतंय? गावागावांतून ट्रक भरून माणसं जासईकडच्या सभांना जायची. बापूसही डोक्याला फडकं बांधून निघाला. त्याचीही जमीन गेली होती, तोही तसलाच नागवलेला. ट्रकच्या फाळक्यावर पाय ठेवला तर वरून कोणी तरी बोललं, "तू कंय चाल्लास? तूच उचललास ना?"

ट्रकात हशा पिकला. मग कोणीच हसेना. बापसानं पाय खाली घेतला.

तिथून सुरुवात झाली. गावकी बसली, बापसाच्या जागी दुसरा पंच घेतला आणि आमचं घर वाळीत टाकलं. भांडणतंटा काही नाही, कोणी दगडही मारला नाही. नुसतं बोलणं बंद. होडी किनाऱ्याला लागताना काठावरचा माणूस दोर झेलतो, कोणीही असो, वैरी असला तरी झेलतो. बापसानं फेकलेला दोर चिखलात पडायचा. मग हा कमरेइतक्या गाळात उतरायचा, दोर उचलायचा आणि स्वतः खांबाला बांधायचा. काठावर माणसं उभी असायची, जाळी विणत. मी ते पुष्कळदा बघितलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी धावत घरी आले. नंतर नंतर काही वाटेनासंच झालं. जेवायची वेळ झाली की जेवायचं, झोपायची वेळ झाली की झोपायचं. घरात कोणी रडायचं नाही. रडण्यासारखं काय होतं, कोणी मेलं थोडंच होतं?

पण गंमत ऐका. धवलारीण आमच्या घरात! गावाला लग्नं तर लावायची होती. मग शेजारची काकी आमच्या कुडाशी येऊन उभी राहायची. आमच्याशी बोलायची बंदी, म्हणून ती कोंबडीशी बोलायची.

"ये कोंबडे, तुज्या मालकिनीला सांग, सोमवारी वरच्या आळीत मांडव हाय. चौक भरायला बोलावलंय."

आयस आतून तांदूळ निवडता निवडता बोलायची, "कोंबडे, सांग तिला, येतंय मी."

कोंबडी बापडी दाणे टिपत असायची. मला आधी हसू यायचं. पुढं तेही येईना.

धवला नाकारायचा नसतो, म्हणून आयस जायची. ज्यांनी बापसाचा दोर चिखलात पडू दिला त्यांच्या पोरींना हळद लावायची, देव बोलवायची, दारं बोलवायची. गाणं संपलं की उठायची. तिथलं पाणीही प्यायची नाही, आणि कोणी द्यायचंही नाही. घरी येऊन मडक्यातलं पाणी ढसाढसा प्यायची. दारं बोलावताना आमच्या दारापाशी आली की काय करत होती कोण जाणे. मी कधी ऐकायला गेले नाही, मला मांडवात घेतलंच नसतं.

मग माझं लग्न ठरलं. पोरगा जासईचा. त्याला शिकलेली मुलगी हवी होती, बस्स, त्यासाठी तो घरच्यांशी भांडून अडून बसला. त्याच्या घरचा कर्ता म्हणजे त्याचा मामूस, आंदोलनातला पुढचा माणूस. तो आमच्या ओटीवर येऊन बसला, बापसाकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि बोलला, "पोरगी चांगली हाय. माजं काय नाय. पन गावचा विडा उचलला गेला पायजे. गावानं विडा उचलल्याबिगर दिलेली पोरगी आमी उंबऱ्यात घेनार नाय. परत नेऊ पोराला."

"उचलतील," बापूस बोलला.

मामूस गेल्यावर आयस पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "कोन उचलील? तुजा दोर उचलीत नाय कोनी, विडा उचलतील?"

गावानं विडा नाही उचलला तर मांडवातून वरात परत जाणार, आणि मांडवातून परत गेलेल्या मुलीला मग कोण विचारतो? सगळ्यांना हे कळत होतं. तरी बापूस फिरला. पाचही पंचांच्या दारांशी गेला, हळदकुंकू लावलेली सुपारी घेऊन. एकाही दारातून हात पुढं झाला नाही. त्यानं प्रत्येक उंबऱ्यावर सुपारी ठेवली आणि परत आला. घरी आल्यावर म्हणाला, "ठेवलीय. कोनी फेकली नाय."

मला वाटायचं ओरडावं त्याच्यावर. तुझ्या एका मानपानापायी माझं आयुष्य टांगलंस म्हणून. पण ज्या शाळेच्या जोरावर मला नवरा मिळत होता ती शाळाही त्याच विड्यातली होती. कुठून ओरडणार?

त्यानं आणखी एक केलं. टोपी घालून बसनं साहेबांच्या ऑफिसात गेला आणि त्यांनाही आवतण देऊन आला. साहेब आता फारच मोठे झाले होते, पेपरात फोटो यायचा. मी चिडले. "त्यांना कशाला? आगीत तेल ओतायला?"

"पाऊना हाय आपला," बापूस बोलला. "त्यानं वळखलं मना. उठून उभा रायला, नाखवा बोलला."

लग्नाच्या सकाळी मला हळद लावायला एकही बाई नाही. आयसनंच लावली. आईनं धवला म्हणायचा नसतो आपल्या पोरीचा, तिनं बाजूला बसून डोळे पुसायचे असतात, पण दुसरी धवलारीण कुठून आणणार? चौकही तिनंच भरला, तांदळाच्या पिठाचा, एकही रेघ हलली नाही. माझ्या अंगाला कोणी हात लावतंय एवढं कळत होतं, बाकी काही नाही. आनंद नाही, भीती नाही. दुसऱ्याच कोणाला तरी हळद लागतेय आणि मी बसून बघतेय.

तेवढ्यात कुडापाशी काकी आली. हातात काही नव्हतं. कोंबडीला बोलली, "ये कोंबडे, त्या पोरीला सांग, सुखी रव म्हनावं." आणि तोंडाला पदर लावून गेली. आयसचा हात थांबला. कोंबडीला काही सांगायला तिला जमलं नाही त्या दिवशी. मग पुन्हा हळद लावायला लागली.

वरात आली. ट्रक भरून माणसं, बायका, ढोल. मांडव मात्र रिकामा. उंबराची डहाळी लावलेली, खाली पाच पंचांसाठी जाजम अंथरलेलं, जाजमासमोर पितळी ताट आणि ताटात विडा. बापसानं स्वतः लावलेला. त्यानं तो इतका निगुतीनं लावला होता की लवंग अगदी मध्यावर टोचलेली. जासईच्या बायका आपापसांत कुजबुजायला लागल्या. मामूस हाताची घडी घालून उभा. आयस चौकापाशी बसलेली, तोंड मिटून. विडा उचलल्याशिवाय धवलारीण तोंड उघडत नाही.

बापूस मांडवाच्या तोंडाशी उभा राहून गल्लीकडं बघत होता. घरांच्या खिडक्यांत माणसं होती. सगळा गाव घरात होता आणि कोणी बाहेर येत नव्हतं. ऊन चढलं. विड्याच्या पानाची कड वळायला लागली. नवरा माझ्याकडं बघत होता, मी चौकाकडं. चौकाच्या एका कोपऱ्यात मुंगळा चालत होता, तो पिठातून जाईल का बाजूनं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नाखवा," मामूस बोलला, "किती वाट बगायची?"

"थोडा दम धरा. येतील."

"कोन येनार? आमाला काय दिसत नाय? चला रे, ट्रक चालू करा."

बापसानं हात जोडले. माझ्या बापसानं हात जोडलेले मी तेव्हाच बघितले. जासईच्या बायका उठायला लागल्या. ढोलवाल्यानं ढोल गळ्यात घातला.

आणि तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली.

साहेब आले. बायको बरोबर, हातात भिंतीवरच्या घड्याळाचा खोका. केस पिकले होते, मान तशीच वाकडी. "नाखवा, उशीर झाला हो. तुमचं गावच सापडेना आता, सगळीकडे इमारती," असं म्हणाले आणि स्वतःच हसले. बापूस धावत गेला. पाहुणा दारात आल्यावर त्याला दुसरं काही दिसत नसे. बसायला जागा शोधली तर रिकामं ते जाजमच होतं. साहेब बूट काढून जाजमावर जाऊन बसले, मांडी घालून, चावडीवर बसले होते तसेच. बायकोला बायकांत बसवलं. समोर ताट. ताटात एक विडा. उन्हातून आलेले, घसा सुकलेला. त्यांना वाटलं, पाहुण्यांसाठी ठेवलाय.

"वा," म्हणाले, आणि उचलून तोंडात टाकला.

आयसनं कपाळाला हात लावला. जासईची एक म्हातारी 'अगो बाय' बोलली. साहेब चघळत होते. सगळे आपल्याकडं का बघतायत ते त्यांना कळेना, म्हणून ते सगळ्यांकडं बघून मान डोलवत होते. छान आहे, छान आहे.

मामूस पुढं आला. त्याचा आवाज चढला होता. "हा कोन? हा गावचा हाय? गावच्या मानसानं उचलायचा असतो विडा!"

मला वाटलं, संपलं आता. आणि खरं सांगू? संपलं तर बरं, असंही वाटलं. उठून हळद धुवावी आणि झोपावं.

बापूस साहेबांच्या मागं उभा होता. तो कधी मोठ्यानं बोलायचा नाही, तेव्हाही बोलला नाही.

"गावचाच हाय," तो बोलला. "गाव त्याचंच हाय ना आता."

मामूसनं मांडवाच्या बाहेर बघितलं. आमच्या कौलांवरून सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, रांगेनं, आणि त्यापलीकडं आणखी. त्याच्या गावाच्या जमिनीही गेल्या होत्या, त्याच्या गावातही डंपर होते. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? तो खाली बघत मागं झाला. ढोलवाल्यानं ढोल उतरवला.

"गा," बापूस आयसला बोलला.

आयसनं सुरुवात केली. गावदेवीला बोलावलं. खाडीतल्या देवाला बोलावलं. बांधावरच्या देवाला बोलावलं, बांध नव्हता तरी. मेलेल्यांना बोलावलं. मग दारांवर आली. तिथं ती थांबली. पाच दारं म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती नुसती बसली, ओठ हलत होते, आवाज नव्हता. खिडक्यांतून गाव ऐकत होता. साऱ्या गावाला पाठ होतं तिथं कोण येतं ते. मग तिनं पुढचं उचललं आणि लग्न लावून टाकलं.

ते तिचं शेवटचं. नंतर काकी पुष्कळदा कुडाशी आली, कोंबडीला सांगून सांगून थकली. आयस तांदूळ निवडत राहायची. पुढं गावानं नेरुळातून भटजी आणायला सुरुवात केली, मग बँड आला. प्रदर्शनात आमच्या लग्नांचाही एक फोटो आहे, 'भूमिपुत्रांची संस्कृती' म्हणून. त्यात धवलारीण नाही, लाउडस्पीकर आहे.

पण त्या दिवसाचं राहिलं. जेवणं झाली, वरात ट्रकात चढायला लागली. मी निघाले तर बापूस पाया पडून घ्यायला जागेवर नाही. बघितलं तर तो जाजमाच्या कडेला उकिडवा बसलेला, पानाचा डबा उघडून. साहेब बूट घालत होते. जेवण त्यांना फार आवडलं होतं, चिंबोऱ्यांचं कालवण दोनदा मागून घेतलं होतं.

"नाखवा," ते म्हणाले, "मघाचं ते पान फार सुरेख होतं हो. आणखी एक मिळेल का?"

बापसानं वर बघितलं. मी ट्रकाजवळून त्याचा चेहरा बघत होते. त्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. पाहुण्यानं मागितलं होतं.

"बसा सायब," तो बोलला. "लावून देतंय."

आणि त्यानं नवं पान घेतलं, मांडीवर पुसलं, आणि चुना लावायला घेतला.